गाल बसलेत. फिलरचा विचार आहे, पण डॉक्टर कसा निवडायचा?

शेवंती४८ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४८, राहणार नाशिक, नोकरी बँकेत. दीड वर्षापूर्वी साखर वाढलेली निघाली. घाबरून चालायला लागले, रात्रीचा भात सोडला, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक सोडले. १७ किलो उतरलं. साखर ताब्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, ब्लाउजना दोनदा टिपा मारून झाल्या. फक्त चेहरा गेला. गाल आत, डोळ्यांखाली खड्डे, नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंत दोन पन्हळी. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं, "मॅडम, आजारी होता का?" परवा एका बारशाला चुलत सासूबाईंनी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "सगळ्या तपासण्या केल्यास ना गं?" त्यांच्या नजरेत मला माझा कॅन्सर दिसत होता.

मला तरुण दिसायचं नाहीये. आजारी दिसायचं नाहीये, एवढंच.

मैत्रिणीने फिलर सुचवलं. मोबाइलवर शोध घेतला आणि तेव्हापासून मला दर दोन मिनिटांनी कुणाचे तरी ओठ दिसतात. शहरात इतकी क्लिनिकं निघाली आहेत की पूर्वी एवढ्या पिठाच्या गिरण्या नव्हत्या. कुणी करून घेतलंय का? नेमकं काय टोचतात? आणि चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? नावं नकोत, नावांवरून इथे भांडणं होतात हे आठ वर्षं बघितलंय.

अर्धापेला | सोमवार, रात्री १०:०५

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वय स्वीकारा. दोन चमचे तूप सुरू करा, गाल आपोआप भरतील. आमच्या आजीच्या चेहऱ्यावर जाळं होतं सुरकुत्यांचं, पण काय तेज होतं!

खडूस_काकू | सोमवार, रात्री १०:२२

अर्धापेला, तुम्ही कलप लावता का हो? लावत असाल तर आधी तो धुऊन या, मग वय स्वीकारण्यावर बोलू. आणि बाईंना साखर आहे, त्यांना तूप खाऊन १७ किलो परत चढवायला सांगताय.

आजीच्या सुरकुत्यांचं तेज नातवालाच दिसतं. आजीला विचारलं होतं का कधी?

अर्धापेला | सोमवार, रात्री १०:३१

कलप नाही, मेंदी. शब्द मागे घेतो. तुपाचाही.

कातडीसोलू | सोमवार, रात्री ११:५०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकचा नाही आणि इथे गिऱ्हाईकही शोधत नाहीये. चेहरा न बघता सल्ला देता येत नाही, पण विषय समजून घ्यायला थोडं लिहितो.

आधी एक घोळ निस्तरू. बोटॉक्स आणि फिलर वेगळे. बोटॉक्स स्नायू सैल करतं, म्हणून कपाळाच्या आठ्या जातात. असर तीन-चार महिने. फिलर भरण टाकतं. बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं फिलर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. नावातल्या ॲसिडला घाबरू नका, ते आपल्या त्वचेत आणि सांध्यांत मुळात असतंच. नुसतं टोचलं तर शरीर ते चार दिवसांत फस्त करील, म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंतवून घट्ट करतात. जेल किती घट्ट त्यावर ते गालाच्या हाडाजवळ घालायचं की ओठात, ते ठरतं. साधारण सहा ते अठरा महिने टिकतं म्हणतात. काहींच्या एमआरआयमध्ये मात्र कित्येक वर्षांनीही जेल सापडलंय, तेव्हा "वर्षभरात विरघळून जाईल, मग परत या" हे वाक्य जरा जपूनच ऐका.

मुख्य म्हणजे ते विरघळवता येतं. हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की जेल उतरतं. ही सोय फक्त हायलुरॉनिक ॲसिडला आहे. कॅल्शियमवालं, पॉलिलॅक्टिकवालं किंवा "कायमचं" म्हणून विकलं जाणारं फिलर असं परत घेता येत नाही. पहिल्याच वेळी कायमचं काही टोचून घेऊ नका. चेहरा बदलत राहतो, ते मात्र होतं तिथेच बसतं. (अवांतर: १९०० च्या सुमाराला व्हिएन्नाच्या गेरसुनी नावाच्या सर्जनने मेण, म्हणजे पॅराफिन, टोचायला सुरुवात केली. लोक खूश झाले. काही वर्षांनी गाठी आल्या, मेण सरकलं, आणि ते काढणं टोचण्यापेक्षा शंभरपट अवघड निघालं. कायमच्या फिलरची गोष्ट तेव्हापासून फारशी बदललेली नाही.)

शेवंतीताई, एक प्रयोग करा. खिडकीसमोर उभं राहून आरशात डोळ्यांखाली बघा, मग मान मागे करून चेहरा वर उजेडाकडे न्या. काळेपणा गेला तर ती खड्ड्याची सावली होती. राहिला तर तो रंग आहे. आपल्याकडे तो रंगच जास्त सापडतो, आणि रंगावर फिलरचा उपयोग शून्य. उलट तिथली त्वचा पातळ असते, जेल फार वर बसलं तर निळसर झाक दिसते. लोक पैसे देऊन काळ्याचं निळं करून घेतात.

शेवंती४८ | मंगळवार, सकाळी ७:१५

प्रयोग केला. डावीकडचं गेलं, उजवीकडचं अर्धं राहिलं. चेहऱ्यानेही ऑडिटरसारखं अर्धवट उत्तर दिलं.

डॉक्टरसाहेब, धोका काय असतो ते सरळ सांगाल का? क्लिनिकांच्या पानांवर "किंचित सूज" एवढंच लिहिलंय.

कातडीसोलू | मंगळवार, दुपारी २:१०

सूज आणि काळानिळा डाग नेहमीचे, आठ-दहा दिवसांत जातात. कधी जंतुसंसर्ग, कधी महिन्यांनी येणाऱ्या गाठी. साखर ताब्यात नसेल तर संसर्गाची शक्यता वाढते, तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या.

ज्याची खरी भीती बाळगायची ते वेगळं. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला तर पुढच्या भागाचं रक्त तुटतं. त्वचा पांढरीफटक पडते, मग जाळीसारखी निळसर होते, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर तो भाग सडतो. नाक आणि भुवयांमधल्या जागेतल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. तिथून जेल उलट दिशेने ढकललं गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि तिथे हिशेब मिनिटांचा असतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हे क्वचित घडतं. पण क्वचित घडणाऱ्या गोष्टीची तयारी कुणाची आहे, डॉक्टर निवडताना मी तेवढंच बघेन.

हायलुरॉनिडेजच्या कुप्या क्लिनिकात हव्यात, तिथल्या फ्रिजमध्ये, "मागवून घेऊ" नव्हे. हे काही दुर्मीळ औषध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याभोवती भूल देताना भुलीच्या औषधात मिसळतात तेच. फिलरच्या मानाने किरकोळ किमतीचं. ज्याच्याकडे ते नाही त्याने पैसे वाचवलेले नसतात, विचारच केलेला नसतो. मधमाशी चावून कधी जोरदार ॲलर्जी आली असेल तर तेही आधी सांगा, त्या विषातही हे एन्झाइम असतं.

रसिका_टी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

माझ्या धाकट्या बहिणीचा किस्सा सांगते, कारण कुणीतरी सांगायला हवा. तिने ब्युटी पार्लरमध्ये ओठ भरून घेतले. सुई नाही, "पेन" आहे, दुखत नाही, डॉक्टर लागत नाही असं सांगितलं. दाबाने जेल आत मारतात. वरचा ओठ एका बाजूला वाटाण्याएवढा टणक झाला. पार्लरवाली म्हणाली मालिश कर. तीन आठवडे मालिश केली. शेवटी एका प्लास्टिक सर्जनने ते विरघळवलं, तेसुद्धा "आत काय आहे ते मला माहीत नाही, विरघळेल याची खात्री नाही" असं लिहून घेऊन. नशिबाने विरघळलं. पार्लरमध्ये खोका मागितला तर म्हणे टाकून दिला.

आई अजून म्हणते ओठांत काय कमी होतं. बहीण अजून म्हणते की छान दिसले असते.

कातडीसोलू | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

रसिका, त्या पेनांविरुद्धही एफडीएने २०२१ मध्ये इशारा दिलाय. दाबाने मारलेलं जेल किती खोल आणि कुठे जाईल यावर कुणाचंच नियंत्रण नसतं.

खोक्याचा मुद्दा लाखमोलाचा. सीलबंद खोका तुमच्यासमोर फोडायला हवा. आत सिरिंजबरोबर लॉट नंबरची सोलून काढायची चिकटपट्टी असते. एक तुमच्या फाइलवर, एक तुमच्या हातात. आधीच भरून ठेवलेली सिरिंज किंवा "दुसऱ्या पेशंटचं अर्धा मिली उरलंय, स्वस्तात देतो" हे ऐकलंत तर चपला घाला.

दूरदेशी | मंगळवार, रात्री ११:२०

मी इंग्लंडात, स्लावला. तुम्हाला वाटत असेल इकडे सगळं शिस्तीत चालतं, म्हणून सांगतो. इथे २०१३ साली सरकारने नेमलेल्या कीओ समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की फिलर टोचून घेणाऱ्या माणसाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही. त्यानंतरही बराच काळ कुणीही वीकेंडचा कोर्स करून सुई हातात घेत होतं. अठरा वर्षांखालच्यांना फिलर देणं इंग्लंडात बेकायदा झालं ते थेट २०२१ च्या ऑक्टोबरात. आमच्या गल्लीत नेलपॉलिशच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ओठ भरून मिळत. बायको सुट्टीत पुण्याला जाते तेव्हा दातांचं, डोळ्यांचं, सगळं तिकडेच करते. मग इकडे येऊन काही झालं तर इथला डॉक्टर म्हणतो, ज्याने केलं त्याला विचारा.

नथवाली | बुधवार, सकाळी ११:४५

धागा हायजॅक करतेय, सॉरी. माझं लग्न २१ दिवसांवर आहे. माझं नाक बसकं आहे, नथ घातली की फोटोत नथच दिसते, नाक दिसतच नाही. एका ठिकाणी नाकात फिलर दहा मिनिटांत करून देतो म्हणालेत, ऑपरेशनशिवाय. पॅकेजमध्ये हळदीच्या आधी ग्लो फेशियल फ्री आहे. करू का?

खडूस_काकू | बुधवार, सकाळी ११:५२

नको.

कातडीसोलू | बुधवार, दुपारी १:३०

काकूंनी एका शब्दात सांगितलं, मी चार वाक्यांत सांगतो. नाक ही फिलरसाठी सगळ्यात जोखमीच्या जागांपैकी एक आहे, कारण वर लिहिलंय. चांगल्या हातांनाही तिथे घाम फुटतो. आणि लग्नाआधीच्या महिन्यात चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीही करू नये, नवं क्रीमसुद्धा. काळानिळा डाग हळदीत लपेल, पण सूज फोटोत दिसेल.

नथेचं म्हणाल तर सोनाराकडे जा. लहान आकड्याची, हलकी नथ करून मिळते.

नथवाली | बुधवार, दुपारी २:१५

आई म्हणते तू या डॉक्टरांना पैसे पाठव. ती गेले आठ दिवस हेच सांगतेय, पण ती फुकट सांगते म्हणून मी ऐकत नव्हते.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री ८:००

थे सगळं ठीक हाय बापा, पण पैशाचं कोनी बोलूनच नाही राह्यलं. किती लागते?

शेवंती४८ | बुधवार, रात्री ९:३०

मला फोनवर मिळालेले आकडे: १ मिलीला १६ हजारांपासून ३४ हजारांपर्यंत. वर जीएसटी, कारण केवळ दिसण्यासाठी केलेला उपचार आरोग्यसेवेच्या सवलतीत बसत नाही. विमा कंपनी छदाम देणार नाही, मी विमाही विकलाय म्हणून माहीत आहे. आणि १ मिली म्हणजे किती ते घरी चमच्यात मोजलं. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा जेलीला २५ हजार!

माझेमत | बुधवार, रात्री १०:१०

आमच्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, बीएचएमएस. दहा वर्षं फिलर करतात, हात अतिशय हलका, कधी काही झालं नाही. तुम्ही लोक उगाच डिग्रीचा बाऊ करता. अनुभव महत्त्वाचा.

कातडीसोलू | गुरुवार, सकाळी ६:५०

हात हलका असेलही. पण दहा वर्षांत काही झालं नाही असं म्हणणाऱ्याने एकतर फार थोडी केलीत किंवा पेशंट परत आले नाहीत. माझ्याकडे झालंय. दोनदा. दोन्ही वेळा रात्री क्लिनिक उघडलं.

डिग्रीचं एकदा लिहून ठेवतो. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा. नाहीतर जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा डीएनबी. चेहऱ्याची शरीररचना वर्षानुवर्षं शिकण्याचे हे रस्ते आहेत. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही आपल्याकडे वैद्यकीय परिषदेची मान्यताप्राप्त विशेष शाखा नाही. नावापुढे "फेलोशिप इन एस्थेटिक मेडिसिन" दिसलं तर ती किती दिवसांची ते विचारा. काही खरोखर वर्षभराच्या असतात, काही शुक्रवारी सुरू होऊन रविवारी संपतात. प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर लिहावा असा २००२ च्या आचारसंहितेचा नियम आहे. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. त्याच आचारसंहितेप्रमाणे जाहिरातबाजी करून पेशंट ओढायला मनाई आहे. आता इन्स्टाग्राम उघडा आणि मोजा.

आणि डिग्री असून हात वाईट असलेलेही आहेत, आमच्याच बॅचला होते. डिग्री म्हणजे फाटकावरचा वॉचमन. घर आत जाऊनच बघावं लागतं.

कोर्टाची_पायरी | गुरुवार, दुपारी १२:१५

वकील आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. पण केस उभी राहते कागदांवर. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा, त्याची प्रत घ्या, पक्की पावती घ्या. रोख देऊन जीएसटी वाचवणारे लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचे हसरे चेहरे असतात.

शेवंती४८ | रविवार, रात्री १०:४५

दहा दिवसांनी येतेय. तीन ठिकाणी जाऊन आले. बँकेत कर्जदाराची चौकशी करतो तशी तयारी करून गेले होते, वहीत प्रश्न लिहून. नावं विचारू नका.

पहिलं ठिकाण. काचेची इमारत, रिसेप्शनला धबधबा. डॉक्टरांच्या आधी एक मुलगी भेटली, वय बावीस असेल. टॅबवर माझा फोटो काढून त्यावर बाण काढले. गालाला दोन, डोळ्यांखाली एक, ओठांच्या बाजूला एक, हनुवटीला एक असे पाच मिली, वर कपाळाला बोटॉक्स. मी हनुवटीबद्दल चकार शब्द काढला नव्हता! आज बुक केलं तर २० टक्के सूट. डॉक्टर शेवटी आले, चार मिनिटं. उभ्या उभ्या म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या कँडिडेट आहात." मला कर्ज मंजूर झाल्यासारखं वाटलं. वहीतला प्रश्न विचारला, "काही बिघडलं तर तुम्ही काय करता?" ते हसले. "आमच्याकडे बिघडत नाही." कुप्यांचं विचारलं तर मुलीकडे बघितलं, मुलीने टॅबकडे बघितलं.

दुसरं मुंबईत. बहिणीने वेळ घेऊन दिली होती. बाई खरंच हुशार, पंचवीस मिनिटं दिली. बसवून, हसवून, तिरक्या उजेडात बघितलं. कुप्या दाखवल्या. मी भारावून गेले. पण परत येताना कसारा घाटात ट्रक आडवा झालेला, आम्ही सव्वा दोन तास तिथेच. तेव्हा डोक्यात आलं की रात्री नऊला माझा गाल पांढरा पडला तर मी या घाटात बसलेली असेन, एका हाताने गाल चोळत.

तिसरं इथलंच. एका जुन्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिक सर्जन. बाहेर भाजलेली मुलं, बोट तुटलेले कामगार, त्यांच्यात मी गालासाठी बसलेली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. दोनदा उठून जाणार होते. डॉक्टर साठीला आलेले, जरा तिरसट. पहिला प्रश्न, "वजन थांबलंय का अजून उतरतंय?" मी म्हटलं पाच महिने एकाच काट्यावर आहे. "मग ठीक. नाहीतर परत पाठवलं असतं." गाल दाबून बघितले. म्हणाले चरबी गेलीय, त्यात वयाने हाडही थोडं मागे जातं, म्हणून पन्हळी दिसतात. पन्हळीत भरायचं नाही, वर गालाला आधार द्यायचा, पन्हळ आपोआप उथळ होते. एकेका गालाला एक मिली, बस. डोळ्यांखाली आत्ता नाही, उजवीकडे रंग आहे (!), गालाचं झाल्यावर दोन महिन्यांनी बघू, बहुतेक लागणारही नाही.

मग तोच प्रश्न. ते उठले, कपाट उघडलं, प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. भिंतीवर एक कागद चिकटवलेला, काय झालं तर कुठल्या क्रमाने काय करायचं, आणि खाली शहरातल्या एका नेत्रतज्ज्ञाचा नंबर. म्हणाले, "आठ वर्षांत एकदा लागला हा डबा. बाईंचा ओठ होता. वाचला." राग नाही, लाज नाही. गॅस सिलिंडर बदलायला सांगावा तसं सांगितलं.

भाव मधला. सूट नाही. धबधबाही नाही.

खडूस_काकू | रविवार, रात्री ११:००

तिसरा. विचारायचं काय त्यात?

रसिका_टी | सोमवार, सकाळी ९:२०

मला मुंबईच्या बाई आवडल्या असत्या. साठीच्या पुरुष डॉक्टरला बायकांच्या चेहऱ्यातलं बारीक कळतं का? प्लास्टिक सर्जन हात चालवायला बघतात असंही ऐकलंय.

कातडीसोलू | सोमवार, दुपारी ३:४०

हा हात आवरणारा दिसतोय. पाचावरून दोन मिलीवर आणणारा माणूस स्वतःचं नुकसान करून घेतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला तेवढं पुरे. मुंबईच्या बाईंबद्दलही चांगलंच मत झालं, पण घाटाचा मुद्दा मी तीस वर्षांत कुणा पेशंटकडून ऐकला नव्हता. पुढच्या पेशंटना सांगीन. पहिले दोन दिवस डॉक्टर हाताशी हवा.

ताई, दातांचं काही काम निघालंय का? असेल तर आधी उरका आणि दोन आठवडे जाऊ द्या. तोंडातले जंतू रक्तातून जेलपर्यंत पोचू नयेत म्हणून. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी डाग वाढतात. आणि ओठावर तापाचे फोड वारंवार येत असतील तर तेसुद्धा.

शेवंती४८ | सोमवार, रात्री ८:५०

दाढ! रूट कॅनाल अर्धवट सोडलंय एप्रिलपासून. आधी तिथे जाते. माझ्या सौंदर्याची वाट अशी दंतवैद्याच्या दारातून जायची होती तर.

अर्धापेला | सोमवार, रात्री ९:०५

मी इथे तुपाबद्दल काहीही बोलणार नाही.

शेवंती४८ | शुक्रवार, रात्री १०:२०

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. बऱ्याच जणींनी निरोपातून विचारलं म्हणून.

केलं. तिसऱ्यांकडेच. आधी पाच बाजूंनी फोटो, मराठीत संमतिपत्र (मागितल्यावर मिळालं, आधी इंग्रजीच पुढे केलं होतं), सीलबंद खोका, चिकटपट्टी माझ्या फाइलवर आणि एक माझ्या पाकिटात, बँकेच्या कार्डाशेजारी. बोथट टोकाची लांब नळी वापरली. दुखलं कमी, पण आतून करकर ऐकू आलं ते विसरणार नाही. वीस मिनिटं.

त्या रात्री साडेदहाला डाव्या गालावर पांढरट पट्टा दिसला. हातपाय गार पडले. फोटो पाठवला. तीन मिनिटांत त्यांचा फोन आला, व्हिडिओ लावायला सांगितला. "बोटाने दाबा. सोडा. रंग परत आला? किती वेळात? दुखतंय का? बर्फ किती वेळ ठेवला होता?" बर्फाची पिशवी वीस मिनिटं एकाच जागी दाबून बसले होते मी. तिचाच पट्टा तो. शिव्या खाल्ल्या आणि झोपले. सकाळी आठला त्यांनी तरीही बोलावून बघितलं. त्या एका फोनसाठी मी पैसे दिले असं आता वाटतं, जेल तर जेल.

रुपयाएवढा काळानिळा डाग नऊ दिवस राहिला. बँकेत दाढ सांगितली, खोटंही नव्हतं. पन्हळी आहेतच, पण उथळ. डोळ्यांखालचं खरंच लागलं नाही, डावीकडची सावली गालाबरोबर गेली. उजवीकडचा रंग आहे तिथे आहे. कुणालाही कळलेलं नाही काय केलं, नवऱ्यालाही सांगेपर्यंत कळलं नव्हतं, यात आनंद मानायचा की पन्नास हजारांचं दुःख हे ठरत नाहीये.

काउंटरवर आजारपणाचं विचारणं थांबलं. आणि गेल्या रविवारी चुलत सासूबाई भेटल्या. हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे फिरवून बघितला, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आता बरी दिसतेस हो. मी सप्तशृंगीला नवस बोलले होते तुझ्यासाठी. फेडायला जायला हवं." त्यांना काय सांगणार? पुढच्या मंगळवारी वणीला निघालोय, साडी-चोळी घेऊन. त्या म्हणतात पायऱ्या चढूनच जायचं, मी म्हणते ट्रॉली आहे ना.

कातडीसोलू | शुक्रवार, रात्री ११:०५

पायऱ्या चढायला आता काही हरकत नाही. सनस्क्रीन लावा, तुम्ही आणि सासूबाई दोघींनी.